मागे राहणाऱ्याचे घर

निवृत्तीनंतर परक्या देशात जाऊन राहायचे ठरले की जोडपे दोन गोष्टी बघते: तिथली हवा आणि तिथल्या घरांच्या किमती. हवा मानवली, किंमत परवडली की विसार दिला जातो. तिसरी गोष्ट कुणी मोठ्याने बोलत नाही. दोघांपैकी एक आधी जाणार आहे. घर घ्यायचे की भाड्याने राहायचे, हा प्रश्न मुळात मागे राहणाऱ्याचा आहे. आणि तो कोण, हे विसार देताना दोघांनाही ठाऊक नसते.

दोघांनी घेतलेले घर एकाला सांभाळावे लागते. बाकीचे सगळे हिशेब यानंतरचे.

स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावर, आलिकांते प्रांतात, तोरेविएखा, देनिया, खावेआ या गावांत इंग्लंडमधून आलेले पेन्शनर मोठ्या संख्येने राहतात. समुद्र दिसावा म्हणून त्यांच्या अनेक वसाहती टेकड्यांवर चढत गेल्या. घर घेताना पासष्टीचा माणूस स्वतः मोटार चालवत वर येतो. पंधरा वर्षांनी चढ तेवढाच असतो. नजर अधू झाली, गाडी सुटली, की औषधाचे दुकान, बाजार, दवाखाना सगळे खाली राहते आणि माणूस वर. ऐंशीव्या वर्षी अंतराची मोजमापे बदलतात. खरेदीखतात त्याचा उल्लेख नसतो.

त्या किनाऱ्यावरची कितीतरी घरे उन्हाळ्याचा विचार करून बांधलेली. फरशी थंड, भिंती पातळ, घर गरम ठेवण्याची सोय तोकडी. ऑगस्टमध्ये आवडलेले घर जानेवारीत ओल धरते. सुट्टीला आलेला माणूस गावाचा सर्वांत चांगला महिना बघून जातो, आणि त्यावरून बाराही महिन्यांचा करार करतो.

म्हणून पहिले वर्ष भाड्यानेच काढावे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. एक हिवाळा, एक आजारपण, सरकारी कचेरीतल्या दोन-चार खेपा, एवढे तरी त्या गावात भोगून व्हायला हवे. गाव आवडणे आणि गावात आजारी पडता येणे, या दोन निराळ्या परीक्षा आहेत.

स्पेनचा कायदा भाडेकरूला झुकते माप देतो. २०१९ च्या दुरुस्तीपासून राहत्या घराचा करार, भाडेकरूची इच्छा असेल तर, पाच वर्षे चालतो. मालक कंपनी असेल तर सात. भाडेकरूला मात्र सहा महिन्यांनंतर तीस दिवस आधी कळवून निघता येते. मालक व्यक्ती असेल आणि करारात तसे लिहून ठेवले असेल, तर पहिल्या वर्षानंतर तो स्वतःच्या किंवा अगदी जवळच्या नात्यातल्या माणसाच्या राहण्यासाठी घर परत मागू शकतो; ते कलम सही करण्याआधी वाचावे. आणि भाडेकरू वारला तर सोबत राहणाऱ्या पतीला किंवा पत्नीला, मुदतीत लेखी कळवून, तोच करार पुढे चालवता येतो. मागे राहणाऱ्याची आठवण या कायद्याने ठेवली आहे.

पण पाच वर्षे म्हणजे किती? पासष्टीत गेलेल्या माणसाला सत्तरी, मग पंच्याहत्तरी, मग ऐंशी. दर वेळी भाडे नव्याने ठरणार, आणि दर वेळी मालकाने हो म्हणायला हवे. नव्या दारात उभ्या राहिलेल्या एकट्या, परदेशी, ऐंशीच्या बाईला घरमालक विचारतो: पेन्शन किती, जामीन कोण, तुमच्या माघारी सामान कोण उचलणार? यातला शेवटचा प्रश्न तो तोंडाने विचारत नाही.

खरेदीच्या बाजूचे सर्वांत सबळ कारण हे आहे. गुंतवणूक हे दुय्यम कारण. २००८ नंतरच्या काही वर्षांत स्पेनमधल्या घरांच्या किमती तिसऱ्या हिश्शाहून अधिक उतरल्या, तेव्हा गुंतवणुकीची भाषा बोलणाऱ्यांना उत्तर सुचत नव्हते. पण म्हातारपणी ‘घर खाली करा’ म्हणणारे कुणी नसावे, ही मागणी पूर्ण रास्त आहे. तिला कुणी भावनिक म्हणून बाजूला सारू नये.

मग म्हाताऱ्या माणसाला नेमके काय हवे असते? मरेपर्यंत राहायला मिळावे, एवढेच. भाडे यापेक्षा कमी देते, खरेदी यापेक्षा जास्त. जे कमी पडते त्याची भीती दोघांनाही रोज वाटते. जे जास्त होते ते एका दिवशी मागे राहणाऱ्याच्या अंगावर येते.

रोमन कायद्याला भाडे आणि खरेदी यांच्या मधली गोष्ट ठाऊक होती. वस्तू एकाच्या मालकीची, तिचा उपभोग दुसऱ्याचा, हयातीपर्यंत. स्पेनमध्ये हा हक्क उसुफ्रुक्तो या नावाने आजही चालतो. तिथली काही म्हातारी माणसे घराची नुसती मालकी विकतात आणि उपभोग स्वतःकडे ठेवतात: पैसे हाती येतात, छप्पर जात नाही. फ्रान्समध्ये अशाच विक्रीला व्हियाजे म्हणतात. तिथे किमतीचा मोठा भाग विकणाऱ्याच्या हयातीपर्यंत हप्त्याहप्त्याने मिळतो.

आर्ल गावच्या झान काल्मां या बाईंनी १९६५ साली, नव्वदाव्या वर्षी, आपले घर असे विकले. घेणारे नोटरी आंद्रे-फ्रांस्वा राफ्रे सत्तेचाळीस वर्षांचे होते. दरमहा २,५०० फ्रँक, बाई असेपर्यंत. राफ्रे १९९५ मध्ये वारले. काल्मां १९९७ मध्ये, १२२ वर्षांच्या होऊन गेल्या. घराच्या किमतीच्या दुपटीहून अधिक पैसे तोवर भरून झाले होते. ही गोष्ट जगभर हसत हसत सांगितली जाते. मला तिच्यात दिसतात त्या राफ्रेंच्या पत्नी. नवऱ्यानंतर हप्ते त्यांनी भरले. सौदा त्यांच्या नवऱ्याने केला होता; मागे त्या राहिल्या.

हयातीपुरत्या हक्काची दुसरी बाजू आपल्या समाजाने जवळून पाहिली आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधी विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत मिळे तो मर्यादित हक्क. उपभोग घेता येई; कायद्याने मान्य केलेल्या गरजेवाचून विकता येत नसे; तिच्यानंतर मिळकत नवऱ्याच्या वारसांकडे जाई. ते वारस त्याच घरात, त्याच पंगतीला असत, आणि दिवस मोजत. त्या कायद्याच्या कलम १४ ने तिला पूर्ण मालक केले. म्हणून हयातीपुरता हक्क मी कुणाला निर्धास्तपणे सुचवणार नाही. आपल्या मरणाने कुणाचा फायदा होणार आहे, हे रोज समोर दिसत असेल तर ते घर राहायला कठीण असते. परक्या देशात, जिथे शेजाऱ्याला हाक मारायची भाषा येत नाही, तिथे तर फारच.

खरेदी जास्त देते म्हणजे काय देते, ते नवरा किंवा बायको गेल्यानंतरच्या सहा महिन्यांत कळते. स्पेनमध्ये वारसा कराची मुदत मृत्यूपासून सहा महिन्यांची आहे. त्या मुदतीत मूळ देशातून कागद आणायचे, त्यांचे भाषांतर करून घ्यायचे, नोटरीपुढे वारसा स्वीकारायचा, मग मालमत्ता नोंदणी कार्यालयात नाव बदलायचे. मृताच्या नावावरचे बँक खाते मधल्या काळात अडकते. हे सगळे त्या माणसाने करायचे, ज्याला अजून दोन कप चहा टाकायची सवय मोडलेली नाही.

इंग्लंडमध्ये मृत्युपत्र करणाऱ्याला जवळजवळ मोकळा हात असतो. स्पेनच्या नागरी कायद्यात मुले असतील तर मिळकतीचा दोन तृतीयांश भाग त्यांच्यासाठी राखीव. पत्नीला किंवा पतीला एका तृतीयांशाचा उपभोग. गोव्यातल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. पोर्तुगीज नागरी कायद्यापासून आलेला निम्म्या मिळकतीचा राखीव हिस्सा तिथे अजून आहे. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे १७ ऑगस्ट २०१५ पासून होणाऱ्या मृत्यूंना, सर्वसाधारणपणे, माणूस जिथे कायम राहत होता त्या देशाचा वारसा कायदा लागतो. मृत्युपत्रात स्वतःच्या नागरिकत्वाच्या देशाचा कायदा निवडला असेल तर तो लागतो. म्हणजे एका वाक्याचे काम. ते वाक्य नसेल तर पन्नास वर्षांच्या संसारानंतर बाईला आपल्याच स्वयंपाकघरात सावत्र मुलाची सहवारस म्हणून राहायची वेळ येऊ शकते. तरणतलावाची खोली विचारणारे लोक या वाक्याची चौकशी करत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

घर घेणारा त्या गावच्या राजकारणातही हिस्सा घेतो, त्याला कळो वा न कळो. आल्मेरिया प्रांतातल्या वेरा गावात एका निवृत्त ब्रिटिश जोडप्याने नगरपालिकेच्या परवान्याने बंगला बांधला. प्रादेशिक सरकारने परवान्याला हरकत घेतली, न्यायालयाने तो रद्द केला आणि जानेवारी २००८ मध्ये बंगला पाडला गेला. गॅरेज तेवढे उरले. ती दोघे त्यात राहिली. चूक परवाना देणाऱ्याची, ढिगारा म्हाताऱ्यांचा. २०१५ मध्ये स्पेनने कायदा बदलला: निर्दोष घरमालकाच्या भरपाईची हमी मिळाल्याखेरीज न्यायालयाच्या हुकमाने असे घर पाडता येऊ नये. बदल चांगला आहे. पण गॅरेजात काढलेली वर्षे पंचाहत्तरीनंतरची असली तर ती कोणत्या भरपाईत मोजायची?

मालकी एका खात्यात असते, राहण्याचा हक्क दुसऱ्यात. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, २०२१ पासून, स्पेनमध्ये घर असूनही रहिवासी म्हणून नोंद नसलेल्या ब्रिटिशांना १८० दिवसांत ९० दिवसच राहता येऊ लागले. दाराची किल्ली खिशात, आणि आत किती दिवस राहायचे ते सरहद्दीवरची नोंद ठरवणार. पाच लाख युरोचे घर घेणाऱ्याला राहण्याचा परवाना देणारी योजना स्पेनने २०१३ मध्ये काढली आणि एप्रिल २०२५ मध्ये बंद केली. सरकारने दिलेले सरकार काढून घेते. वीस वर्षांचा बेत पाच वर्षांच्या धोरणावर बांधू नये.

पैशाचे थोडक्यात. २०१५ च्या उन्हाळ्यात एका पौंडाला १.४० युरोच्या आसपास मिळत होते, २०१६ च्या ऑक्टोबरात १.१० च्या आसपास. पौंडात पेन्शन आणि युरोत भाडे असलेल्या माणसाचे घरभाडे मालकाने न वाढवताच वाढले. घर स्वतःचे असणाऱ्याला ती झळ बाजारहाटापुरती लागली. इथे खरेदीचे पारडे जड आहे, आणि ते मान्य करायला हवे.

ब्रिटिश सरकारी पेन्शन स्पेनमध्ये राहणाऱ्यांना दर वर्षी वाढून मिळते. भारतात, थायलंडमध्ये, कॅनडात राहणाऱ्यांना मिळत नाही. तिथे गेलेल्याची किंवा तिथे पेन्शन सुरू झालेल्याची रक्कम त्याच आकड्यावर थांबते. थांबलेल्या पेन्शनने वाढते भाडे भरणे म्हणजे वर्षावर्षाने लहान खोलीकडे सरकणे.

थायलंडमध्ये परदेशी माणसाला साधारणपणे जमीन घेता येत नाही. इमारतीतल्या सदनिका ४९ टक्के क्षेत्राच्या मर्यादेपर्यंत घेता येतात, आणि जमिनीचा भाडेपट्टा तीस वर्षांचा. पंचावन्नाव्या वर्षी गेलेल्याची तीस वर्षे पंच्याऐंशीला संपतात, नेमके हलता येत नाही तेव्हा. मेक्सिकोत १९१७ च्या राज्यघटनेचे कलम २७ परदेशी माणसाला किनाऱ्यापासून ५० आणि सरहद्दीपासून १०० किलोमीटरच्या पट्ट्यात थेट मालकी देत नाही. तिथे बँकेच्या नावे पन्नास वर्षांचा, नूतनीकरण होणारा विश्वस्त करार करतात. या देशांना मी दोष देणार नाही. मेक्सिकोची जमीन तर एकदा परक्यांनी घेतलेली आहे; असा देश ती पुन्हा देताना मुदत घालतो.

जमिनीच्या या काळजीला माणसाचा चेहराही आहे. २०२४ मध्ये कॅनरी बेटे, मायोर्का, मालागा इथे हजारो लोक रस्त्यावर उतरले, कारण त्यांच्या पगारात त्यांच्याच गावात घर मिळेना. त्याला सुट्टीची भाड्याची घरे मोठ्या प्रमाणात कारणीभूत आहेत. पण बाहेरून आलेली पेन्शनही त्या बाजारात उतरते, आणि ती स्थानिक परिचारिकेच्या पगारापेक्षा बळकट असू शकते. उद्या आपल्या उशाशी जिने बसायचे, तिला घर मिळू नये अशा गावात म्हातारे होण्यात शहाणपण नाही. वर्षातले आठ महिने बंद राहणारे घर घेण्यापेक्षा बाराही महिने राहण्याचे घर भाड्याने घेणारा माणूस गावाला अधिक देतो, असे मी मानते.

गोव्यानेही हे अनुभवले आहे. भारतीय वंशाचा नसलेल्या परदेशी माणसाला इथे घर घेण्यासाठी परकीय चलन कायद्याच्या अर्थाने भारतात रहिवासी असावे लागते: आदल्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांहून अधिक वास्तव्य, तेही पर्यटक म्हणून नव्हे. तरी समुद्राकाठच्या गावांत पर्यटक म्हणून आलेल्यांनी घरे घेतली, आणि पुढे अशा अनेक खरेद्या चौकशीत अडकल्या. म्हातारपणाचे घर असे फायलीत जाऊन बसते.

आणि एडिसन, टोरांटो किंवा मेलबर्नमध्ये नोकरी संपवून कोकणात परत यायचे म्हणणारा आपला माणूस? त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल तर कायद्याच्या नजरेत तोही परदेशातच निवृत्त होतो आहे. ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणाऱ्या कार्डावर, त्याला कोथरूडला फ्लॅट घेता येतो. शेतजमीन, बागायत, फार्महाऊस विकत घेता येत नाही. वडिलांची हापूसची बाग वारशाने त्याच्याकडे येऊ शकते, पण तिला लागून असलेली दोन गुंठे जमीन विकत घेता येत नाही. ज्या मातीसाठी चाळीस वर्षे जीव तुटला, तिच्यात तो वारस होऊ शकतो, खरेदीदार नाही. हे वाचून दुखते, आणि दुखणे खरे आहे.

त्याच्याही बाबतीत मागे राहणाऱ्याचा प्रश्न सुटलेला नसतो. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये एकटी उरलेली आई, आणि टेक्सासात जन्मलेली मुले, जिला मराठीत सोसायटीची नोटीस वाचता येत नाही अशी सून. विकायचे ठरले तर घेणारा टीडीएस कापणार. विक्रीचे पैसे अनिवासी मुलाच्या एनआरओ खात्यातून बाहेर न्यायला एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरची मर्यादा. रक्कम आपल्यासारख्यांना पुरेशी आहे. दमछाक कागदांची होते. स्पेनमध्येही अनिवासी विकणाऱ्याच्या किमतीतून घेणारा ३ टक्के कापून कर खात्यात भरतो. परक्याचे घर विकले जाताना सगळी राज्ये आधी दार अडवून उभी राहतात.

भाषेची गोष्ट मी मुद्दाम उशिरा ठेवली, कारण ती सर्वांत उशिरा कळते. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा आधी सुटू लागते, आईची भाषा मागे उरते, असे पुष्कळ रुग्णांबाबत घडते. वीस वर्षे स्पॅनिशमध्ये बाजार केलेली बाई एका सकाळी परिचारिकेला इंग्रजीत पाणी मागते, आणि परिचारिकेला कळत नाही. त्या दिवशी आपल्या भाषेच्या माणसांत परत नेणे हाच उपचाराचा मोठा भाग असतो. भाड्याचे घर तीस दिवसांच्या सूचनेवर सुटते. मालकीचे घर मात्र तिच्या सहीशिवाय विकता येत नाही, आणि सही करण्याइतके भान तिला उरलेले नसते. मुखत्यारपत्र भान असताना करायचे असते. त्यातही भान गेल्यानंतर ते चालू राहील असे लिहून घ्यायचे असते.

घर घेण्याआधी दोघांनी त्याच गावातल्या भाड्याच्या घरात आळीपाळीने एकेक महिना एकट्याने राहावे. दुसऱ्याने त्या महिन्यात मूळ देशी जाऊन राहावे, आणि फोनवरून काही सोडवून देऊ नये. विजेचे बिल, बँकेचे पत्र, तापाची रात्र, रविवारची दुपार, सगळे एकट्याने. महिना हिवाळ्यातला असावा. मग समोरासमोर बसून एकमेकांना विचारावे: तुझ्याशिवाय मी इथे राहीन का? दोघांचे उत्तर हो आले तर गावात, लिफ्ट असलेल्या इमारतीत, पायी जाता येईल अशा अंतरावर दवाखाना असलेले लहान घर बघावे, आणि खरेदीच्याच आठवड्यात दोघांची मृत्युपत्रे करावीत. एकाचे जरी नाही आले तरी भाड्याचा करार आणखी एक वर्ष चालू ठेवावा, आणि पुढच्या हिवाळ्यात तो महिना पुन्हा काढावा.